टौरंगा बंदरातून माओरी गाव: क्रूझच्या एका दिवसात फाकारेवारेवा नीट कसं पाहावं

माओरी म्हणजे न्यूझीलंडचे मूळ रहिवासी. तिथल्या क्रूझवर ‘माओरी संस्कृतीची भेट’ नावाच्या सहली बऱ्याच बंदरांवर विकल्या जातात. त्यातल्या काही म्हणजे सभागृहातला अर्ध्या तासाचा नाच, काही म्हणजे संग्रहालय. जिथे माणसं खरोखर राहतात असं गाव बघायचं असेल तर टौरंगा हे सगळ्यात सोयीचं बंदर. बोट माउंट माउंगानुईच्या धक्क्याला थेट लागते, छोट्या होडीतून उतरावं लागत नाही, आणि फाकारेवारेवा ज्या रोटोरुआ शहरात आहे ते तिथून ६५-७० किलोमीटरवर आहे. मोटारीने तासभर, मोठ्या बसने सव्वा तास धरा. ऑकलंडहून हेच अंतर जवळपास २३० किलोमीटर, म्हणजे एका बाजूचेच तीन तास. ऑकलंडला बोट थांबलेली असताना रोटोरुआचा बेत करू नये.

आधी गाव निवडा, मग सहल

माहितीपत्रकात ‘रोटोरुआ माओरी व्हिलेज’ एवढंच लिहिलेलं असतं. त्या नावाखाली तीन वेगळ्या जागा येऊ शकतात.

फाकारेवारेवा हे वसतं गाव. इथे तुहोरांगी न्गाती वाहिआओ लोक राहतात. १० जून १८८६ला तारावेरा पर्वताचा उद्रेक झाला. त्यात गरम झऱ्यांच्या क्षारांनी बनलेल्या, जगभरातून लोक बघायला येत असलेल्या गुलाबी आणि पांढऱ्या पायऱ्या नाहीशा झाल्या, गावं राखेखाली गेली. तिथले तुहोरांगी लोक मग फाकारेवारेवाच्या नातेवाइकांकडे येऊन वसले. पाहुण्यांना हिंडवण्याचं काम ते उद्रेकाच्या आधीपासून करत होते, ते इथेही चालू राहिलं. सोफिया हिनेरांगी आणि मॅगी पापाकुरा या इथल्या नावाजलेल्या वाटाड्या. १९०१मध्ये इंग्लंडचा राजपुत्र, म्हणजे पुढचा राजा पाचवा जॉर्ज, आला तेव्हा त्याला मॅगीनेच गाव दाखवलं. आज तुमच्यापुढे चालणारी बाई बहुधा अशाच एखाद्या घराण्यातली असते. हे ठाऊक असलं की प्रश्नही बरे सुचतात.

ते पुइया त्याच खोऱ्यात, कुंपणापलीकडे. पोहुतु हा तीस मीटरपर्यंत उडणारा गरम पाण्याचा फवारा त्यांच्या हद्दीत आहे. शिवाय लाकूडकाम आणि विणकाम शिकवणारी संस्था आणि किवी पक्ष्याचं घर. जागा सुरेख आणि व्यवस्था चोख, पण तिथे वस्ती नाही. पोहुतु फाकारेवारेवाच्या बाजूनेही दिसतो, थोडा लांबून. म्हणून फवाऱ्यासाठी ते पुइया आणि गावासाठी फाकारेवारेवा अशी दोन तिकिटं काढायची गरज नसते. कोरीवकाम शिकणारे हात चालताना बघायचे असतील तर ते पुइया घ्या. नाहीतर आमचं मत फाकारेवारेवाच्या बाजूने.

तिसरी जागा ओहिनेमुतु, रोटोरुआ तळ्याच्या काठी, न्गाती फाकाउए लोकांची वस्ती. इथे तिकीट नाही आणि नाचही नाही. तामातेकापुआ हे कोरीव सभागृह बाहेरून बघायचं. सेंट फेथ चर्चमध्ये काचेवर कोरलेला येशू माओरी झगा पांघरून उभा आहे. ठरावीक ठिकाणी बसून बघितलं की तो मागच्या तळ्याच्या पाण्यावरून चालत येतोय असं दिसतं. अर्धा-पाऊण तास पुरतो. चर्चमध्ये देणगीची पेटी असते, तिच्यात काही टाकावं.

रोटोरुआत संध्याकाळचे स्वागत-जेवण-नाच असे मोठे कार्यक्रमही होतात. इंटरनेटवर सगळ्यात जास्त कौतुक त्यांचंच वाचायला मिळतं. पण ते रात्रीपर्यंत चालतात आणि तुमची बोट तोवर समुद्रात असते. बुकिंग करण्याआधी कार्यक्रमाची वेळ बघा. इथे फसणारे बरेच.

कागदपत्रं

क्रूझनेच न्यूझीलंडमध्ये येऊन क्रूझनेच बाहेर पडणाऱ्या प्रवाशाला, पासपोर्ट कुठलाही असो, एनझेडईटीए ही ऑनलाइन परवानगी चालते. ती दोन वर्षं वैध असते. मिळायला ७२ तास लागू शकतात. तिच्याबरोबर १०० न्यूझीलंड डॉलरचा पर्यटक कर भरावा लागतो. भारतीय पासपोर्टवर विमानाने ऑकलंडला उतरून तिथून बोट पकडणार असाल तर मात्र एनझेडईटीए चालत नाही, पूर्ण व्हिजिटर व्हिसा लागतो. सिडनीहून निघून सिडनीलाच परतणाऱ्या फेरीसाठी ऑस्ट्रेलियाचा व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा हवा, कारण तुम्ही मध्ये देश सोडून परत येता. एजंट हा मुद्दा विसरला तर घोळ परतीच्या वेळी बाहेर येतो. न्यूझीलंडचं प्रवासी घोषणापत्र वेगळं, ते फुकट आहे.

टौरंगाला उतरताना बोटीचं कार्ड आणि फोटो असलेलं एक ओळखपत्र जवळ ठेवा. पासपोर्टच्या पानांचा फोटो फोनमध्ये असू द्या.

बोटीची सहल की स्वतःची

बोटीकडून घेतलेल्या सहलीचा एकच खरा फायदा: बस अडकली तर बोट थांबते. त्याची किंमत बरीच मोजावी लागते आणि चाळीस-पन्नास जणांच्या घोळक्यात फिरावं लागतं. स्थानिक कंपन्यांच्या छोट्या व्हॅन बऱ्याचदा स्वस्त पडतात. त्या घरून बुक करा. बंदराच्या फाटकाबाहेरही विकणारे उभे असतात, पण त्यांच्याकडे उरलेल्या जागा असतात आणि गाव ते सांगतील ते.

स्वतः बुक करताना चार गोष्टी लेखी विचारून घ्या. गाव नेमकं कोणतं. प्रवेश, नाच आणि जेवण यांपैकी दरात काय धरलंय. गाडी बंदरावर किती वाजता परत पोचते. आणि बोटीला यायला उशीर झाला किंवा बोट टौरंगाला आलीच नाही, तर पैसे परत मिळतात का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ नसेल तर दुसरी कंपनी बघा. हवामानामुळे बंदर वगळलं जाणं या भागात नवलाचं नाही.

चौघं असाल तर भाड्याची गाडीही परवडते. न्यूझीलंडमध्ये आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, महाराष्ट्राच्या लायसन्सवरचा मजकूर इंग्रजीत असतो त्यामुळे अडत नाही. सात वर्षांखालच्या मुलाला बालआसन सक्तीचं, ते गाडीबरोबरच मागवा. टौरंगाच्या आसपास काही रस्त्यांना टोल आहे, पण नाका नसतो. कॅमेरा नंबर टिपतो आणि पैसे ऑनलाइन भरायचे. भाड्याच्या कंपनीला ते कसं चालतं हे गाडी घेतानाच विचारा. नाहीतर टोलपेक्षा प्रशासकीय शुल्क जास्त लागतं.

‘हॉबिटन अधिक माओरी गाव’ अशी जोडसहल दिसेल. हॉबिटन हा ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ सिनेमाचा सेट मातामाताजवळ आहे. मातामाता एका दिशेला, रोटोरुआ दुसऱ्या. तीन-साडेतीन तास बसमध्ये जातात आणि गावाच्या वाट्याला धावतपळत तासभर येतो. ती घेऊ नये.

वेळ उलटी मोजा

सकाळपासून पुढे मोजलं की दिवस मोठा वाटतो. शेवटून मागे मोजा. समजा बोट संध्याकाळी ६ला सुटते. सगळे प्रवासी आत येण्याची वेळ बहुधा अर्धा ते एक तास आधीची असते, म्हणजे ५:३० किंवा ५. स्वतः गेला असाल तर फाटकावर ४ला पोचायचं ठरवा. सव्वा तासाचा रस्ता आणि वर थोडी गर्दी धरली की रोटोरुआ २:३०ला सोडायचं. सकाळी ८:३०ला बंदराबाहेर पडलात तर १०च्या सुमारास रोटोरुआ. हातात साडेचार तास राहतात.

त्यातले अडीच ते तीन तास गावाला द्या: वाटाड्याबरोबरची फेरी साधारण तासभर, नाच अर्धा तास, जेवण पाऊण तास, उरलेला वेळ निवांत हिंडायला. नाच दिवसातून ठरावीक वेळीच होतो. बुकिंग करताना गावाच्या संकेतस्थळावर त्या दिवसाची वेळ बघा आणि फेरी तिच्या आधी किंवा लगेच नंतर येईल अशी लावा. उरलेल्या वेळात ओहिनेमुतु आणि तळ्याचा काठ. तिसरं काही नको.

घड्याळाबद्दल एक. सिडनीहून येताना बोटीचं घड्याळ वाटेत दोन तास पुढे जातं, ते एकदम नाही, दोन रात्रींत. फोन मात्र किनाऱ्याचं नेटवर्क मिळताच आपोआप बदलतो किंवा अर्धवट बदलतो. दारातून बाहेर पडताना बोटीवरची वेळ आणि मनगटावरची वेळ ताडून पाहा.

उतरताना पिशवी रिकामी

न्यूझीलंडमध्ये शेती आणि जंगल जपण्यासाठी जैवसुरक्षेचे नियम कडक आहेत. बोटीच्या नाश्त्यातलं केळं किंवा सफरचंद पर्समध्ये विसरलं तरी जागेवर ४०० डॉलर दंड होतो. धक्क्यावर हुंगणारी कुत्री असतात. मध, फळं, बिया, घरची मिरचीची भुकटी, सुपारी, पूजेची फुलं यांपैकी काहीही खाली नेऊ नका. आजींच्या बटव्यातली बडीशेप आणि लवंगसुद्धा बघा, तीही बीच आणि कळी. शंका असेल तर कचरापेटी जवळच असते. बुटांच्या तळाला आधीच्या बंदराची माती असेल तर ती धुवा. हाच नियम पुढच्या बंदरांवरही लागतो: रोटोरुआत घेऊन बोटीवर नेलेलं खाणं पुन्हा खाली आणू नका.

बरोबर घ्यायचं ते थोडं. टोपी आणि सनस्क्रीन, कारण तापमान विशीतलं असलं तरी इथलं ऊन भाजून काढतं. पातळ रेनकोट. सहज काढता-घालता येतील असे बूट. सुटी नाणी. बाकी सगळीकडे कार्ड चालतं, टिप द्यायची पद्धत नाही.

स्वागत

औपचारिक स्वागताला पोव्हिरी म्हणतात. पर्यटकांसाठी ते छोटं केलेलं असतं आणि काही तिकिटांत नसतंच. असेल तर ते सोहळ्यासारखंच वागवतात, म्हणून क्रम माहीत असावा.

घोळक्यातून एका पुरुषाला तुमचा प्रमुख म्हणून निवडतात. समोरून भाला घेतलेला योद्धा येतो, डोळे वटारतो, जीभ काढतो. तुम्ही लढायला आलात की मित्र म्हणून, हे तो पारखत असतो. मग तो जमिनीवर पान किंवा काठी ठेवतो. प्रमुखाने पुढे जाऊन, नजर त्याच्यावरून न हलवता ती उचलायची आणि तसंच मागे येऊन उभं राहायचं. पाठ फिरवायची नाही. इथे हमखास बिघडतं ते हसण्यामुळे. मागच्यांपैकी कोणी तरी त्याची नक्कल करतं, बाकीचे खिदळतात आणि समोरचा माणूस ते बघत असतो. मुलांना आदल्या रात्रीच समजावून ठेवा.

त्यानंतर एक बाई लांबलचक हाक घालते. ती संपेपर्यंत बोलायचं नाही, फोटो नाही, सावकाश एकत्र चालायचं. त्या हाकेत दोन्हीकडच्या मृतांची आठवण असते. आत बहुधा पुरुष पुढच्या रांगेत बसतात आणि अंगणातली भाषणंही पुरुषच करतात. तुमच्या गटाची कर्तीधर्ती बाई असली तरी तिथे वाद घालू नये, त्यांच्या घरची रीत ती त्यांची. यजमानांच्या प्रत्येक भाषणामागून गाणं येतं आणि पाहुण्यांनीही गावं अशी अपेक्षा असते. बहुतेक गट इथे एकमेकांची तोंडं बघतात. आठ-दहा मराठी माणसं एकत्र जात असाल तर सगळ्यांना पाठ असलेलं एक कडवं आधी ठरवून ठेवा. मिनिटभर पुरे.

शेवटी होंगी. उजव्या हातात उजवा हात, किंचित पुढे झुकून नाक आणि कपाळ एकदम टेकवायचं, डोळे मिटून, क्षणभर. काही ठिकाणी एकदा, काही ठिकाणी दोनदा, ते समोरच्यावर सोडा. गालाला गाल लावायच्या सवयीने मान तिरकी केली की नाकं आपटतात. मान सरळ ठेवा, चष्मा काढा. सर्दी असेल तर हात जोडून नमस्कार केला तरी कोणाला वाईट वाटत नाही.

सभागृहात शिरताना बूट बाहेर. आत खाणंपिणं नाही. टेबलावर बसू नये, टोपी टेबलावर ठेवू नये, उशीवर बसू नये. शेवटचं आपल्याकडेही आजी सांगायच्याच. कोणाच्या डोक्याला हात लावू नये, मूल कितीही गोड असलं तरी. सभागृहात फोटोला बऱ्याचदा मनाई असते. चेहऱ्यावर किंवा हनुवटीवर गोंदण असलेल्या माणसाचा फोटो विचारूनच काढा. त्या गोंदणात त्याचं घराणं असतं.

गावात फिरताना

प्रवेशाजवळच पुआरेंगा ओढ्यावर पूल आहे. मुलं तिथून खाली उडी मारून नाणी शोधतात, पाहुण्यांनी टाकलेल्या नाण्यांसाठी बुडी मारण्याची ही जुनी रीत आहे. शाळेच्या वेळी ती दिसतीलच असं नाही. दहा सेंटपेक्षा लहान नाणं न्यूझीलंडमध्ये चालत नाही. एक किंवा दोन डॉलरचं टाका, तेही मुलांच्या अंगावर नव्हे, पाण्यात.

पुढे जमिनीतून जागोजाग वाफ येते. आखलेली वाट सोडायची नाही. कडेची जमीन घट्ट दिसते पण वरचा थर पातळ असतो आणि खाली उकळतं पाणी. लहान मुलाचा हात सोडू नये, बाबागाडी रेटणाऱ्याने सेल्फी काढू नये. पारेकोहुरु हे गावाचं मोठं उकळतं कुंड. त्यात जाळीत बांधलेली मक्याची कणसं सोडून शिजवतात. त्याचंच पाणी पाटाने उघड्या हौदांत नेऊन गार करतात आणि गावकरी तिथे अंघोळ करतात. पाहुण्यांनी हात घालू नये. इथली थडगी जमिनीवर बांधलेली दिसतील, कारण खाली खणलं की वाफ लागते. स्मशानात शिरू नका आणि तिथला फोटो काढू नका. घरांच्या खिडक्यांत डोकावू नका, वाळत घातलेले कपडे ही प्रदर्शनाची वस्तू नाही.

हवेत सडक्या अंड्यासारखा वास असतो, तो हायड्रोजन सल्फाइडचा. दहा मिनिटांत नाकाला सवय होते. दमेकऱ्यांनी पंप खिशात ठेवावा आणि दाट वाफेत उभं राहू नये. चांदीला मात्र सवय होत नाही: जोडवी, पैंजण, चांदीची साखळी आधी पिवळट पडते, मग काळपट. पायाजवळचे दागिने वाफेच्या जास्त जवळ असतात, म्हणून जोडव्यांवर आधी दिसतं. शक्य असेल तर बोटीवरच्या तिजोरीत ठेवून या. काळी झाली तर नंतर चांदीच्या पॉलिशने निघतं. कॅमेऱ्याच्या काचेवर वाफ बसते, कोरडं फडकं ठेवा.

जेवण

हांगी म्हणजे तापवलेल्या दगडांवर जमिनीत पुरून शिजवलेलं जेवण. फाकारेवारेवात दगड तापवावे लागत नाहीत. जमिनीतून येणाऱ्या वाफेवर लाकडी पेट्या बसवलेल्या आहेत, टोपल्या त्यात ठेवून झाकण लावतात. कोंबडी, मेंढी, कधी डुक्कर किंवा गाय, बरोबर बटाटा, कुमारा नावाचं रताळं, भोपळा, कोबी. मसाला नसतोच. चव वाफेची.

शाकाहारी असाल तर बुकिंगलाच लिहा आणि दोन प्रश्न वेगळे विचारा: भाज्या मांसाच्याच टोपलीत शिजतात का, आणि बरोबर ब्रेडचं सारण देत असतील तर त्यात मांसाचं पाणी आहे का. आयत्या वेळी मागितलं तर ताटातलं मांस काढून बाकीचं पुढे येतं. गाय किंवा डुक्कर चालत नसेल तर तेही नाव घेऊन सांगा, ‘नॉनव्हेज चालतं’ एवढ्याने भागत नाही. जैनांची पंचाईत होते, कारण ताट बहुतेक कंदांचंच. त्यांनी कुंडात शिजवलेलं कणीस घ्यावं. ते लोण्याबरोबर देतात. शेवटच्या वाफवलेल्या पुडिंगमध्ये अंडं असू शकतं.

खरेदी

माओरी दागिने कोरतात त्या हिरव्या दगडाला, म्हणजे इथल्या जेडला, पोउनामु म्हणतात. १९९७च्या कायद्याने दक्षिण बेटावरच्या पोउनामुची मालकी तिथल्या न्गाई ताहू या माओरी लोकांकडे आली. दुकानांत चीन आणि कॅनडाचा जेडही त्याच आकारात कोरून विकतात, तो खोटा नसतो पण पोउनामुही नसतो. दगड कुठला आणि कोरला कोणी, हे दोन्ही विचारा. कारागिराचं नाव सांगता येत नसेल तर किंमत त्या हिशेबाने द्या. हाडाचे लॉकेट बहुतेक गायीच्या हाडाचे असतात, ज्यांना ते नको त्यांनी विचारून घ्यावं. लाकूड, हाड, पिसं, विणलेल्या टोपल्या यांची पावती ठेवा आणि सिडनीला उतरताना फॉर्मवर लिहा. लिहिलेलं बहुतेक वेळा तपासून परत देतात, लपवलेलं दंडासकट जातं.

टौरंगा रद्द झालं तर

मार्गात बे ऑफ आयलंड्स असेल तर वाइतांगी बघा. ६ फेब्रुवारी १८४०ला माओरी सरदार आणि ब्रिटिश राजसत्ता यांच्यातल्या करारावर इथेच सह्या झाल्या. कोरीव सभागृह आहे, ३५ मीटर लांबीची युद्धनौका आहे, ती वल्हवायला किमान ७६ माणसं लागतात. तिथे मात्र छोट्या होडीने उतरावं लागतं, वारा असेल तर रांग लांबते. पहिल्या होड्यांचा नंबर घ्या. ऑकलंडला थांबा असेल तर बंदरातून टॅक्सीने ऑकलंड संग्रहालय गाठा. तिथे १८७८चं होतुनुई सभागृह आहे, ते उघडं असेल तर आत जाऊन बघता येतं. बूट तिथेही बाहेरच काढायचे.